रजनीकांत यांना ‘आपले’ म्हणण्याआधी

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

गेल्या १२ डिसेंबरला रजनीकांत यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली आणि त्या निमित्ताने आपल्या दैनिकाने त्यांच्यावर अर्धे पान दिले. तो लेख मी दोनदा वाचला. त्यांचे मूळ नाव शिवाजीराव गायकवाड असल्याचे त्यात होते, पुरंदर तालुक्यातील मावडी कडेपठार या पूर्वजांच्या गावाचा उल्लेख होता, बंगळुरूमधील बस वाहकाची नोकरी होती, आणि एका मराठी माणसाने मद्रास जिंकल्याचा अभिमान शेवटच्या परिच्छेदात ओसंडून वाहत होता. परंतु ज्या कामामुळे हा माणूस रजनीकांत झाला त्या कामाबद्दल, म्हणजे त्यांच्या तमिळ चित्रपटांबद्दल, अर्ध्या पानात दोन ओळीही नव्हत्या. हिंदीतल्या ‘हम’चे नाव तेवढे आले होते. दर डिसेंबरात मराठी वाचकाच्या हाती हेच पडते. ज्याला आपण इतक्या हौसेने आपला म्हणतो त्या कलावंतावर हा अन्याय आहे आणि ज्यांनी त्याला मोठे केले त्या तमिळ प्रेक्षकांवरही आहे, असे मला मनापासून वाटते. म्हणून हे पत्र.

माझा या विषयाशी संबंध काय, ते आधी सांगतो. मी १९८२ ते २०१३ अशी एकतीस वर्षे बेस्टमध्ये वाहक होतो आणि माझी बहुतेक ड्यूटी धारावी, शीव, माटुंगा, वडाळा या पट्ट्यातल्या मार्गांवर झाली. त्यातली सलग अकरा वर्षे माझ्या जोडीला जो चालक होता, तो धारावीत जन्मलेला तमिळ माणूस. त्याचे वडील तिरुनेलवेलीहून चामड्याच्या कारखान्यात कामाला आलेले. रजनीकांत हे नाव मी पहिल्यांदा त्याच्याच तोंडून नीट ऐकले. आम्हाला रोज वेगळी गाडी मिळे, म्हणून तो रजनीचा पासपोर्टएवढा फोटो लायसन्सच्या पाकिटात ठेवी आणि स्टिअरिंगवर बसला की पुढच्या काचेच्या रबरात खोचून मगच गाडी चालू करी. ड्यूटी संपली की फोटो पुन्हा पाकिटात. अकरा वर्षांत तो फोटो एकदाही गाडीत विसरला गेला नाही.

वाहकाचे काम हाताचे असते, हे ज्यांनी ते केले नाही त्यांच्या सहसा लक्षात येत नाही. यंत्रे येण्यापूर्वी आमच्याकडे तिकिटांचा पत्र्याचा डबा, पंच आणि चामड्याची बॅग असे. भरल्या गाडीत अंगठ्याने बरोबर त्या दराचे तिकीट ओढायचे, पंचाने टोचायचे, त्याच हाताने सुटे पैसे मोजायचे, खांद्याने दांडी धरायची आणि दोन घंट्या द्यायच्या, हे सगळे एका थांब्यापासून दुसऱ्या थांब्यापर्यंतच्या अंतरात करावे लागे. काही वाहकांच्या हातात ते इतके सफाईने बसलेले असे की प्रवासी बघत राहत. बंगळुरू ट्रान्सपोर्ट सर्व्हिसमध्ये रजनीकांत यांच्याबरोबर काम केलेले चालक राज बहादूर यांनी मुलाखतींतून सांगितले आहे की, तिकीट देण्याची आणि सुटे पैसे परत करण्याची त्यांची ढब तेव्हाच निराळी होती. लोक ज्याला ‘स्टाइल’ म्हणतात, म्हणजे सिगारेट हवेत उडवून ओठांत झेलणे, चष्मा बोटांवर फिरवून डोळ्यांवर चढवणे, तिचे मूळ मला त्या बसमध्ये दिसते. पडद्यावरचे ते हात कामाची सवय असलेले हात आहेत, आणि कष्टाची कामे करणाऱ्या प्रेक्षकाला ते पाहताक्षणी ओळखू येतात.

आयुष्याचा तपशील थोडक्यात असा. १२ डिसेंबर १९५० रोजी बंगळुरूमध्ये जन्म, घरात मराठी, बाहेर कानडी. वडील रामोजीराव पोलिसात शिपाई. आई लहानपणीच गेली आणि थोरले भाऊ सत्यनारायणराव यांनी सांभाळले. हमाली केली, सुतारकाम केले, मग बसमध्ये वाहक झाले. १९७३ साली मद्रासच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनय शिकायला गेले ते राज बहादूर यांच्या आग्रहामुळे. हा मित्र स्वतःच्या पगारातून त्यांना पैसे पाठवत असे. २५ ऑक्टोबर २०२१ रोजी दिल्लीत दादासाहेब फाळके पुरस्कार स्वीकारताना रजनीकांत यांनी तो दिग्दर्शक के. बालचंदर आणि भाऊ सत्यनारायणराव यांच्याबरोबरच राज बहादूर यांनाही अर्पण केला. त्या संध्याकाळी माझ्या निवृत्त चालकाचा मला फोन आला. देशाच्या सर्वांत मोठ्या चित्रपट पुरस्काराच्या व्यासपीठावरून एका बस ड्रायव्हरचे नाव घेतले गेले, एवढेच तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि त्याचा आवाज भरून आला होता.

आता नावाची गोष्ट, जी मराठी लेखांत नेहमी अर्धी सांगितली जाते. गायकवाडांनी मुलाचे नाव छत्रपतींवरून शिवाजी ठेवले, हे आपण अभिमानाने लिहितो. ते नाव पडद्यावर का आले नाही, हे मात्र आपण सांगत नाही. तमिळ चित्रपटसृष्टीत शिवाजी आधीच होते. चाळीसच्या दशकात, पुढे तमिळनाडूचे मुख्यमंत्री झालेले सी. एन. अण्णादुराई यांनी शिवाजी महाराजांवर लिहिलेल्या तमिळ नाटकात व्ही. सी. गणेशन नावाच्या तरुणाने महाराजांची भूमिका इतकी प्रभावी केली की समाजसुधारक पेरियार यांनी त्याला ‘शिवाजी’ ही उपाधी दिली आणि पुढे तो शिवाजी गणेशन म्हणून अजरामर झाला. एका तमिळ नटाने आमच्या राजाचे नाव भूमिकेने मिळवले, म्हणून ते नाव घेऊन जन्मलेल्या मराठी मुलाला दुसरे नाव घ्यावे लागले; बालचंदर यांनी आपल्या जुन्या चित्रपटातल्या एका पात्राचे ‘रजनीकांत’ हे नाव त्याला दिले. मराठी आणि तमिळ यांची अशी गाठ दुसरीकडे कुठे पडलेली माझ्या माहितीत नाही. शालेय पुस्तकात घालावी अशी ही हकीकत आहे.

बालचंदर यांनी नावाबरोबर त्यांना एक सल्लाही दिला होता : तमिळ शिक. माझ्या मते सगळ्या चरित्राचा कणा या सल्ल्यात आहे. पंचविशीच्या आसपासच्या मराठी-कानडी तरुणाने ती भाषा शिकून घेतली, आणि नुसती शिकली नाही, तर तिच्या उच्चाराला स्वतःचा वेग दिला. आज तमिळनाडूतले शाळकरी पोरही तो वेग नक्कल करून दाखवते. १९७५ सालच्या ‘अपूर्व रागंगळ’ या पहिल्या चित्रपटात त्यांची भूमिका लहान होती. वाढलेली दाढी, मळका कोट आणि घराचे फाटक उघडून आत येणारा एक आजारी माणूस. पुढची दोन-तीन वर्षे त्यांनी बरीचशी खलनायकी केली. रंग सावळा, केस विस्कटलेले, चेहरा रस्त्यावरच्या कोणाचाही असावा असा. नायकाचा चेहरा गोरा आणि गुबगुबीतच हवा, हा समज तमिळ प्रेक्षकांनी त्यांच्यासाठी बाजूला ठेवला. १९७८च्या ‘भैरवी’च्या वेळी वितरक कलैप्पुली थाणू यांनी जाहिरातीत ‘सुपरस्टार’ हा शब्द वापरला आणि तो आजतागायत चिकटला आहे.

त्याच वर्षीचा ‘मुळ्ळुम मलरुम’ हा महेंद्रन यांचा चित्रपट मी १९८८च्या पावसाळ्यात पाहिला, आणि माझे मत जे बदलले ते तेव्हा बदलले. धारावीत माझ्या चालकाच्या खोलीवर एका रात्रीपुरता व्हीसीआर भाड्याने आणला होता. दहा बाय बाराची खोली, आत सतरा-अठरा माणसे, बाहेर धो धो पाऊस आणि पत्र्यावर त्याचा एवढा आवाज की संवाद ऐकण्यासाठी टीव्ही पूर्ण मोठा केलेला. मला भाषा येत नव्हती, म्हणून तो माझ्या कानाशी बसून ओळ न ओळ मराठीत सांगत होता. काली नावाचा एक तापट, हट्टी माणूस वीज प्रकल्पावर दोरवाटेची (रोपवेची) विंच, म्हणजे दोर ओढणारे यंत्र, चालवतो. त्याला आईबाप नाहीत, फक्त एक लहान बहीण आहे आणि तिच्यावर त्याचा जीव आहे. नवा इंजिनियर त्याला शिस्त लावू पाहतो आणि कामावरून निलंबित करतो. काली दारू पितो, लॉरीखाली येतो आणि एक हात गमावतो. हात गेल्यानंतर घरी परतलेला भाऊ आणि त्याला पाहून कोसळलेली बहीण, हा प्रसंग आला तेव्हा माझा दुभाषा बोलायचा थांबला. त्याने पुढचे काही सांगितले नाही आणि मला त्याची गरजही पडली नाही. खोलीतल्या बायका पदर तोंडाला लावून बसल्या होत्या. शेवटी तीच बहीण इंजिनियरशी होणारे लग्न सोडून भावाकडे धावत परत येते आणि मग तो स्वतः तिचा हात त्या इंजिनियरच्या हाती देतो, पण तुम्ही मला आजही आवडत नाही, हे त्याच्या तोंडावर सांगूनच. ज्या वाहकाने किंवा चालकाने साहेबाच्या हातून निलंबनाचा कागद घेतला असेल त्याला त्या वाक्यातला अभिमान समजावून सांगावा लागत नाही. त्या भूमिकेत चष्मा फिरवणे नाही, हवेत उडणारी माणसे नाहीत. मराठीत ज्यांना आपण थोर नट म्हणतो त्यांच्या पंगतीला बसणारा हा अभिनय आहे, आणि रजनीकांत म्हणजे उडणारी मोटार असे समजणाऱ्या मराठी वाचकाला त्याचा पत्ताच नाही.

लोकप्रियतेचा दुसरा चेहरा मी २००७च्या जूनमध्ये किंग्ज सर्कलच्या अरोरा चित्रगृहाबाहेर पाहिला. दिग्दर्शक शंकर यांचा रजनीकांत असलेला ‘शिवाजी’ लागला होता. उजाडायच्या आधीपासून धारावी, अँटॉप हिल, कोळीवाडा इथून मुले आली होती. ढोल होते, नारळ फुटत होते आणि उंच कटआउटवर दुधाच्या पिशव्या रित्या होत होत्या. मला ते दूध पाहून वाईट वाटले आणि मी तसे बोललोही. ज्या वस्तीत सकाळी अर्धा लिटरची पिशवी चार माणसांत पुरवतात त्याच वस्तीतली ही मुले होती. माझ्या चालकाने वाद घातला नाही. त्याने मला पोस्टरजवळ नेले आणि मोठ्या तमिळ अक्षरांवर एकेक करून बोट ठेवले : सि, वा, जि. तीन अक्षरे. छप्पन्न वर्षांपूर्वी आईबापांनी ठेवलेले आणि नटाला बाजूला ठेवावे लागलेले नाव त्या पोस्टरवर होते, आणि ते मला, एका मराठी माणसाला, वाचता येत नव्हते.

ती गोष्ट मनात राहिली, कारण माझ्या नोकरीत मी याच्या उलट रोज पाहत होतो. बेस्टच्या पाटीवर पुढे क्रमांक आणि ठिकाण मराठीत असते. धारावीतल्या ज्या तमिळ बायका शाळेत गेल्या नव्हत्या, त्याही लांबून देवनागरी आकडा ओळखून गाडीला हात करत. माझ्याशी त्या मराठीतच बोलत. तोडकी असेल, पण मराठी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माटुंग्यात आणि त्याही आधीपासून धारावीत ही माणसे आपल्या शेजारी आहेत. साठच्या दशकात याच शहरात त्यांच्याविरुद्ध घोषणा दिल्या गेल्या आणि त्यांच्या उपाहारगृहांच्या काचा फुटल्या, हेही माझ्या पिढीला आठवते. त्यांनी आमची लिपी शिकली. मी पंचवीस वर्षे त्यांना तिकिटे दिली आणि त्यांची तीन अक्षरे मला येत नव्हती. म्हणून ‘मराठी माणसाने मद्रास जिंकले’ असे वाचले की मला बरे वाटत नाही. मे २०१७मध्ये चेन्नईत चाहत्यांसमोर बोलताना रजनीकांत यांनी स्वतः सांगितले की, कर्नाटकात आपण तेवीस वर्षे राहिलो आणि त्याच्या जवळपास दुप्पट काळ तमिळनाडूत, आणि मराठी किंवा कानडी म्हणून आलेल्या आपल्याला या लोकांनी ‘पच्चै तमिळन’, म्हणजे अस्सल तमिळ, करून घेतले. बाहेरून आलेल्या माणसाला तमिळ समाजाने आपलेसे केले, ही त्यात मोठी गोष्ट आहे. तिचे श्रेय तमिळ समाजाला आपण छापील अक्षरांत दिले पाहिजे.

याचा अर्थ त्यांचे सगळेच मला मान्य आहे असे नाही. सिगारेटच्या त्या खेळाने दोन पिढ्यांतल्या मुलांना धूर ओढायला शिकवले. पुढे त्यांनी बरीच वर्षे पडद्यावर सिगारेट ओढणे टाळले, पण ते फार उशिरा. नव्वदच्या दशकातल्या त्यांच्या काही गाजलेल्या चित्रपटांत शिकलेल्या, स्वतंत्र वृत्तीच्या बाईला सर्वांसमक्ष धडा शिकवण्याचे जे प्रसंग आहेत, ते मला माझ्या मुलीशेजारी बसून बघवले नाहीत. राजकारणात येण्याची घोषणा त्यांनी ३१ डिसेंबर २०१७ रोजी केली आणि प्रकृतीच्या कारणाने २९ डिसेंबर २०२० रोजी मागे घेतली. कित्येकांनी तेव्हा त्यांची चेष्टा केली, परंतु मूत्रपिंडाचे प्रत्यारोपण झालेल्या सत्तरीच्या माणसाने महामारीच्या काळात मला हे झेपणार नाही असे सांगणे मला प्रामाणिक वाटते. आणि २००२ साली ‘बाबा’ पडल्यावर त्यांनी वितरकांचे नुकसान भरून दिले, ही गोष्ट त्यांच्या कोणत्याही हिट चित्रपटापेक्षा मला मोठी वाटते. पडद्यावर केसांचा टोप आणि बाहेर उघडे टक्कल, साधे धोतर, पिकलेली दाढी. पंचाहत्तरीतही त्यांनी आपले वय लोकांपासून लपवलेले नाही. प्रेक्षकांचा त्यांच्यावर जो विश्वास आहे तो माझ्या मते बऱ्याच अंशी यातून आला आहे.

मुंबईकर म्हणून आपण बघायलाच हवा असा त्यांचा एक चित्रपट म्हणजे पा. रंजित यांचा २०१८ सालचा ‘काला’. तो धारावीत घडतो. तिरुनेलवेलीहून आलेल्या लोकांचा वृद्ध पुढारी रजनीकांत यांनी केला आहे, आणि धारावीच्या जमिनीवर डोळा असलेला मराठी राजकारणी नाना पाटेकर यांनी. समोरचा दुष्ट मराठी दाखवला म्हणून माझ्या ओळखीतले काही जण रागावले होते. मी त्यांना एवढेच विचारले की, त्याच चित्रपटात अंजली पाटील या आपल्या अभिनेत्रीने धारावीतली लढाऊ मुलगी उभी केली आहे, ती तुम्ही पाहिली का? त्यांनी चित्रपट पाहिलाच नव्हता. घर, शौचालय, धोबीघाट आणि पायाखालची जमीन यांच्याविषयी या शहरातल्या कष्टकऱ्यांना जे वाटते ते चेन्नईहून आलेल्या दिग्दर्शकाने आमच्यासमोर ठेवले, आणि आम्ही त्यावर चर्चासुद्धा केली नाही.

म्हणून आपल्याकडे माझी विनंती आहे. दर शुक्रवारी आपल्या दैनिकात हिंदी, मराठी आणि इंग्रजी चित्रपटांची परीक्षणे येतात. मुंबईत प्रदर्शित होणाऱ्या महत्त्वाच्या तमिळ चित्रपटांचीही यावीत, आणि ती तमिळ जाणणाऱ्या व्यक्तीकडून लिहून घ्यावीत. या शहरात मराठी आणि तमिळ दोन्ही उत्तम लिहिणारी तरुण मुले आहेत. माटुंगा-शीवच्या महाविद्यालयांत चौकशी केली तरी सापडतील. गेल्या ऑगस्टमध्ये ‘कुली’ आला आणि त्यांच्या कारकिर्दीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा हे करता आले असते. दुसरे असे की, आपले दैनिक दरवर्षी वाचकांसाठी नाटकांचे आणि चित्रपटांचे खास प्रयोग ठेवते. त्यात एकदा ‘मुळ्ळुम मलरुम’ ठेवावा, तोही मराठी उपशीर्षकांसह, आणि तो शक्य तर दादर-माटुंग्याच्या परिसरात ठेवावा, म्हणजे दोन्हीकडची माणसे चालत येऊ शकतील.

उपशीर्षकांच्या कामाची अडचण येईल, याची मला कल्पना आहे. माझे चालक मित्र आता धारावीतच मुलाकडे राहतात आणि त्यांची नजर अजून चांगली आहे. गेल्या महिन्यात आम्ही दोघांनी त्यांच्या नातीच्या मदतीने या चित्रपटाच्या पहिल्या अर्ध्या तासाचे संवाद मराठीत उतरवून काढले. ते तमिळ सांगतात, मी मराठी करतो आणि नात ते संगणकावर लिहिते. प्रयोग ठरल्यास उरलेला भाग महिनाभरात पूर्ण करून तो आपल्या कार्यालयात आणून देण्याची आमची तयारी आहे. मोबदल्याची अपेक्षा नाही. फक्त शेवटच्या प्रसंगातले कालीचे ते वाक्य मराठीत कसे बसवावे यावर आमचे अद्याप एकमत झालेले नाही. त्यासाठी आपल्याकडच्या एखाद्या जाणत्या उपसंपादकाने आमच्याबरोबर तासभर बसावे, एवढीच विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त बस वाहक
शीव, मुंबई